उजवीकडच्या माणसाची ढाल

मी एक ढाल बोलतेय. अथेन्सच्या वेशीबाहेर आमची वस्ती आहे, तिथल्या हेराक्लीसच्या लहानशा देवळात, दारासमोरच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. माझ्याखाली दगडात एक नाव कोरलंय: स्ट्रॅटोन, मेलांथोसचा मुलगा. येणारे-जाणारे ते नाव वाचतात, मान डोलावतात आणि नैवेद्याची पोळी ठेवून निघून जातात. पण मी स्ट्रॅटोनची नाही. माझा खरा मालक जिवंत आहे, आणि या देवळात पाऊल टाकायची त्याला बंदी आहे.

माझा जन्म पिरेयसच्या बंदरामागच्या एका कारखान्यात झाला. थ्रेसहून आणलेल्या एका गुलामाने पॉपलरच्या फळ्या सरसाने चिकटवून मला परातीसारखा खोलगट आकार दिला, वर पितळेचा पत्रा ठोकून बसवला, आतून चामडं लावलं. मग बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ही टिकेल. हिला धरणारा टिकला म्हणजे मिळवलं." कारखान्यात असले विनोद रोजचेच असतात, कोणी हसतसुद्धा नाही.

तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर माझी पुढची कहाणी कळायची नाही. शिरस्त्राण आणि चिलखत माणूस स्वतःसाठी घालतो. ढालीचं तसं नसतं. मी डाव्या हातावर चढते, आणि माझा अर्धा भाग मालकाला झाकतो तर अर्धा त्याच्या डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला. म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाची उजवी कूस शेजाऱ्याच्या भरवशावर असते. म्हणून तर लढाईत सगळी रांग हळूहळू उजवीकडे सरकत जाते. जो तो शेजाऱ्याच्या ढालीत घुसायला बघतो. मोठमोठ्या गप्पा मारणारे वीरही सरकतात, मी पाहिलंय.

माझ्या मालकाचं नाव फिलीनोस. तो अगदी लहान असताना त्याचा बाप लढाईत पडला. अशा पोरांना आमचं शहर सरकारी खर्चाने वाढवतं, आणि ती वयात आली की वसंतातल्या डायोनिसोसच्या उत्सवात, नाटकं सुरू व्हायच्या आधी, डोंगरउतारावरच्या भरल्या रंगमंडपात त्यांना शस्त्रं देतं. त्या सकाळी मी पहिल्यांदा त्याच्या हातावर चढले. दवंडीवाला ओरडत होता, "यांचे बाप शहरासाठी मेले. शहराने यांना वाढवलं. आज शहर यांना शस्त्र देऊन आपापल्या घरी पाठवतंय." सगळा डोंगरउतार टाळ्या वाजवत होता.

घरी गेल्यावर त्याच्या आईने, टिमारेटीने, मला मांडीवर उपडं घेतलं. पेटीतून नवऱ्याचा जुना कमरपट्टा काढला, त्याचा तुकडा कापला आणि माझ्या आतल्या हातपट्ट्याला अस्तर म्हणून शिवला. "नवं चामडं काचतं," एवढंच ती म्हणाली. टाके घालताना ती रडली नाही. तिचं रडणं कधीच संपून गेलं होतं.

बाप गेल्यावर फिलीनोसवर खरी सावली धरली ती मेलांथोसने. तो त्याच्या बापाचा मित्र होता आणि आता त्याचा पालक होता. ऑलिव्हची चार झाडं आणि एक द्राक्षाचा मळा एवढीच त्याची श्रीमंती, पण मन मोठं. त्याला दोन मुलगे होते, स्ट्रॅटोन आणि धाकटा टेलेस. फिलीनोसला सरकारी ढाल मिळणार हे कळल्यावर त्याने त्याच कारखान्यातून, माझ्यावर आहे तशाच घुबडाच्या चित्राच्या दोन ढाली आपल्या मुलांसाठी आणल्या. "तिघं सारखे दिसले पाहिजेत," तो म्हणाला. तिघं सारखे दिसायचेही. स्ट्रॅटोन आपला चिडवायचा, "फिल्या, तुझी सरकारी आहे हं, पोचा आला तर भरून द्यावं लागेल."

"तुझी बापाच्या पैशाची आहे. पोचा आला तर तू बापाकडे बघायलाही भिशील," फिलीनोस उलटून म्हणायचा. टेलेस दोघांच्या मध्ये घुसून दोघांना ढकलायचा. मेलांथोस अंगणातून ओरडायचा, "अरे गाढवांनो, पितळेचा आवाज कमी करा, कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या." माझ्या आयुष्यातले चांगले दिवस एवढेच.

मग त्या उन्हाळ्यात टेकडीवर नागरिकांची सभा भरली. थीब्जच्या सीमेवरचं एक ठाणं परत घ्यायचं की नाही, हा प्रश्न होता. लढाईतला आमच्या तुकडीचा नायक अँटिक्लीस फार गोड बोलला. शत्रू कापणीत गुंतलाय, आपण जाऊ आणि द्राक्षं पिकायच्या आत परत येऊ, असं म्हणाला. लोकांनी हात वर केले. मेलांथोसने केला, त्याच्या मुलांनी केला, फिलीनोसनेही केला. आमच्या शहरात असंच असतं. युद्ध ठरवणारे तेच, लढणारे तेच, आणि हरल्यावर कोणाला शिक्षा करायची ते ठरवणारेही तेच. याचा लोकांना मोठा अभिमान आहे. मलाही होता.

रांगेत फिलीनोस उजवीकडे, त्याच्या डावीकडे स्ट्रॅटोन, त्याच्या डावीकडे टेलेस. म्हणजे मी स्ट्रॅटोनची कूस झाकत होते आणि स्ट्रॅटोनची ढाल टेलेसची. शत्रू कापणीत वगैरे गुंतलेला नव्हता. तो चढावर आमची वाट बघत उभा होता. अँटिक्लीसने आम्हाला धापा टाकत चढवलं, आणि पहिल्याच धडकेत आमची डावी बाजू फुटली.

स्ट्रॅटोनच्या ढालीला मी कडेला कड लावून होते. एकाएकी ती कड नाहीशी झाली. त्याने ढाल टाकली होती. जड ढाल घेऊन पळता येत नाही, म्हणून भेदरलेला माणूस आधी ढाल टाकतो. टेलेसची उजवी कूस उघडी पडली आणि तिथेच भाला शिरला. तो "दादा" म्हणाला, आणि खाली बसल्यासारखा पडला. स्ट्रॅटोनने मागे वळून ते पाहिलं. तरीही तो पळाला. थोडा पुढे गेला असेल, तेवढ्यात मागून आलेल्या भाल्याने त्याची पोटरी फोडली.

फिलीनोस अजून जागेवर होता. चहूकडे धूळ आणि माणसांच्या पाठी. त्याने भाला फेकून दिला, धावत स्ट्रॅटोनला गाठलं, मला हातावरून काढलं आणि स्ट्रॅटोनच्या हातावर चढवलं. "पाठीवर बस. ही मागे धर, दोघांना झाकेल."

"टेलेस..." स्ट्रॅटोन म्हणाला.

"मी त्याला आणतो. आधी तू."

असे आम्ही तिघं उतारावरून खाली आलो. माझ्यावर दगड बसले, दोन बाण रुतले, पण आत काही गेलं नाही. ओढ्यापाशी त्याने स्ट्रॅटोनला एका खडकाला टेकवून बसवलं, मला त्याच्या हातावरच राहू दिलं, आणि टेलेसला आणायला रिकाम्या हातांनी परत वर गेला. त्याचे हात रिकामे होते, हे लक्षात ठेवा.

टेलेस त्याला मिळाला नाही. मैदान शत्रूच्या ताब्यात गेलं होतं. पुढे तह मागून प्रेतं आणावी लागली. फिलीनोस अंधार पडता पडता छावणीत आला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, याच्याकडे ढाल नाही. आणि त्याच्या आधी सगळ्यांनी हेही पाहिलं होतं की जखमी स्ट्रॅटोन ओढ्याकाठी ढाल छातीशी धरून बसलाय. आमच्याकडे लढाईनंतर माणसाच्या जखमा मोजत नाहीत. ढाल आहे की नाही, एवढंच बघतात.

अशी मी मेलांथोसच्या घरी आले. म्हाताऱ्याने टेलेसची रक्षा पुरली, आणि मला पुसून स्ट्रॅटोनच्या खाटेजवळ ठेवलं. "एक गेला," तो शेजाऱ्यांना म्हणाला, "पण दुसऱ्याने नाव राखलं. पाय फुटला तरी ढाल सोडली नाही पोराने." स्ट्रॅटोन भिंतीकडे तोंड करून पडला होता.

विचारपूस करायला टिमारेटी आली. तिने काढा ठेवला, स्ट्रॅटोनच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने सहज म्हणून मला उचललं. हातपट्ट्याच्या आत बोटं घातली आणि ती तशीच उभी राहिली. नवऱ्याचा पट्टा कोण विसरेल? मला जागेवर ठेवून ती तडक घरी गेली. थोड्याच वेळात फिलीनोस आला. मेलांथोस मळ्यात होता.

"आईला कळलंय," फिलीनोस म्हणाला.

स्ट्रॅटोन उठून बसला. "मी सांगणारच होतो. देवाशपथ. फक्त बाबांना कसं सांगू ते सुचत नाहीये. टेलेस माझ्यामुळे गेला, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"अँटिक्लीस माझ्यावर खटला भरतोय. त्याला कोणावर तरी खापर फोडायचंय. ज्याला शहराने पोसलं त्यानेच ढाल टाकली, असं सगळीकडे सांगत फिरतोय."

"मी साक्ष देतो. तिथे सांगतो. तोवर बाबांनाही सांगतो, मला थोडा वेळ दे."

फिलीनोस म्हणाला, "तूच सांग. माझ्या तोंडून ते काकांना कळायला नको. त्यांनी मला मांडीवर घेऊन भरवलंय." आणि जाताना त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला. त्याच्या त्या हातासाठी माझा जीव किती तुटला म्हणून सांगू. मला तेव्हा वाटलं होतं, आता काही दिवसांत मी घरी जाणार.

खटल्याच्या दिवशी अँटिक्लीसने मुद्दाम स्ट्रॅटोनला ढालीसकट बोलावलं होतं. लढाईतल्या गुन्ह्याचा न्याय लढाईत असलेल्या माणसांनीच करायचा, असा आमच्याकडचा नियम आहे. त्यामुळे बाकांवर तेच बसले होते जे त्या उतारावरून धूम पळाले होते. कित्येकांच्या ढाली मी स्वतः वाटेत पडलेल्या पाहिल्या होत्या. त्यांनी नव्या विकत घेतल्या होत्या, आणि आता ते कपाळाला आठ्या घालून न्याय द्यायला बसले होते. त्यांना वाटत असणार, एकाला शिक्षा झाली की बाकीचे सगळे शूर ठरतील.

बाईला तिथे बोलता येत नाही. टिमारेटी न्यायसभेभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभी होती. आत जाताना तिने स्ट्रॅटोनचा झगा धरला. "बाळ, माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

"काकू, मी सांगणार आहे," स्ट्रॅटोन म्हणाला.

अँटिक्लीसने आधी भाषण ठोकलं. बोलायची वेळ मोजणारं पाण्याचं भांडं गळत होतं, तेवढ्या वेळात त्याने फिलीनोसच्या बापापासून सुरुवात करून सगळं काढलं. "शहराने याला जेवू घातलं, याच्या हातात ढाल दिली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. कुठे आहे ती ढाल? आणि हा बघा त्याच्या शेजारी उभा असलेला स्ट्रॅटोन. भाऊ गेला, पाय गेला, पण ढाल आहे." सगळे माझ्याकडे बघू लागले. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फिलीनोसला आपली बाजू मांडायला सांगितलं. तो म्हणाला, "मी जागा सोडली नाही. माझी ढाल मी टाकली नाही. ती एका माणसाला दिली. तो माणूस इथे आहे, तोच सांगेल." एवढं बोलून तो खाली बसला. पाणी अजून कितीतरी शिल्लक होतं. लोक चुळबुळ करू लागले. मागून कोणीतरी हसलं, "देवाला दिली असेल."

मग स्ट्रॅटोन माझ्यासकट उभा राहिला. त्याच्या हाताला घाम सुटला होता, अस्तर ओलं झालं. त्याने तोंड उघडलं. पहिल्या बाकाशेजारी मेलांथोस काठी धरून बसला होता. लढाईला गेलेला नसल्याने त्याला मत नव्हतं, पण मुलाची साक्ष ऐकायला तो मुद्दाम आला होता. आणि त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की टेलेस गेल्यापासून तसं मी पाहिलं नव्हतं. स्ट्रॅटोनने ते पाहिलं. त्याने बापाला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"मला भाला लागला," तो म्हणाला, "आणि शुद्ध गेली. मी काही पाहिलं नाही."

मी त्याच्या हातावर होते. मी मोठ्याने वाजले असते, खाली पडले असते, काहीतरी केलं असतं. पण ढालीला धरणारा हात हवा, आणि तो हात मला घट्ट आवळून उभा होता. फिलीनोसने फक्त मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तो उठून अजूनही बोलू शकला असता. त्याने एकदा मेलांथोसकडे पाहिलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

मतांचे खडे पडले आणि फिलीनोस दोषी ठरला. शिक्षा ठरलेली असते. सभेत बोलायचं नाही, बाजारचौकात यायचं नाही, देवळात शिरायचं नाही, शहरासाठी शस्त्र धरायचं नाही. माणूस जिवंत ठेवायचा आणि त्याचं सगळं काढून घ्यायचं. बाहेर पडताना मेलांथोस फिलीनोसच्या अगदी जवळून गेला. "तुझा बाप बरा वेळेवर मेला," असं म्हणाला आणि थुंकला.

दुसऱ्या दिवशी टिमारेटी घरी आली. स्ट्रॅटोन एकटाच होता. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं.

"त्याने मला चुलीची शपथ घातलीय," ती म्हणाली. "काकांचा एक मुलगा गेलाय, दुसरा मी नेणार नाही म्हणतो. म्हणून मी बोलणार नाही. पण तुला विचारते, माझ्या नवऱ्याच्या पट्ट्यात रोज हात घालतोस, बोचत नाही का रे?"

स्ट्रॅटोन ढसाढसा रडला. ती दारात थांबून ते बघत राहिली आणि मग गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा भरली, पुन्हा हात वर झाले. स्ट्रॅटोन लंगडत निघाला. लढाईच्या सकाळी त्याने माझ्या खोलगट पोटात तोंड घालून म्हटलं, "परत आलो की सांगेन. या वेळी नक्की." मला त्याचं खरं वाटलं. मी त्याला क्षमा करायलाही तयार होते. त्या दिवशी मागे हटायचा हुकूम झाला, सगळी रांग हटली, पण तो हटला नाही. डावीकडच्या अनोळखी पोराला माझ्याआड घेऊन उभा राहिला. तो पोरगा वाचला. स्ट्रॅटोन माझ्याखालीच पडला, आणि जे सांगायचं होतं ते घेऊन गेला.

शहराने त्याला मानाने पुरलं. मेलांथोसने मळ्याचा तुकडा विकून दगड कोरून घेतला आणि मला इथे टांगलं. देवळाच्या आवाराच्या तोंडाशी हातपाय धुवायची दगडी कुंडं आहेत. फिलीनोसला त्या कुंडांपर्यंत येता येतं, पुढे नाही. तो डोंगरात कोळशाच्या भट्टीवर राबतो. टिमारेटी होती तोवर सणासुदीला आत यायची, माझी धूळ पुसायची आणि कुंडापाशी जाऊन त्याला सांगायची, "बरी आहे." मागच्या हिवाळ्यात तीही गेली. आता खरं काय ते दोघांनाच ठाऊक आहे, त्याला आणि मला. आणि आम्हा दोघांनाही बोलायची सोय नाही.

परवा हेराक्लीसचा सण झाला. गर्दी ओसरल्यावर मेलांथोस आला. त्याला आता जवळजवळ दिसत नाही, सोबतीला कोणी नव्हतं. कुंडापाशी त्याची काठी घसरली. तिथे उभ्या असलेल्या माणसाने त्याला सावरलं, हात धरून कुंडाशी नेलं, पाणी घातलं.

"देव तुझं भलं करो," म्हातारा म्हणाला. "कोळशाचा वास येतो तुझ्या हातांना. कोळशेवाला का? चल आत, माझ्या पोराची ढाल दाखवतो तुला."

"मला आत येता येत नाही, काका."

म्हाताऱ्याने आवाज ओळखला. हात काढून घेतला आणि ओला हात अंगावरच्या कपड्याला पुसत राहिला. मग काठीने चाचपडत, दोनदा अडखळत, एकटाच आत आला. फिलीनोस कुंडापाशीच दोन्ही हात पुढे धरून उभा होता, म्हातारा पडला तर धरता येईल म्हणून. पण पाऊल पुढे टाकता येत नव्हतं.

मेलांथोसने माझ्या पितळेला कपाळ टेकवलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"स्ट्रॅटोन, बाळा," तो म्हणाला, "त्या फिलीनोसने आज माझा हात धरला होता. तुझ्या शेजारून पळाला तो. लहानपणी किती गोड होता रे. मी हात काढून घेतला. बरोबर केलं ना मी?"

आणि उत्तराची वाट बघत तो माझ्यापाशी उभा राहिला. उघड्या दारातून फिलीनोसने ते सगळं ऐकलं होतं.

लोकहो, देवळात टांगलेली ढाल बघाल तेव्हा खालचं नाव वाचून लगेच मान डोलावू नका. त्या नावाच्या माणसाच्या उजवीकडे कोण उभं होतं ते आधी विचारा. मला कोणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त त्या म्हाताऱ्याने, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. बराच वेळ थांबून तो म्हणाला, "हो, बरोबरच केलं," आणि भिंत चाचपत निघून गेला.